हुंकार देणारा कोण? : छत्तीसगडातील प्रक्षेपणमाध्यमे आणि गावाचा विश्वास

छत्तीसगडातील पंडवानी प्रथमच ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याचे लक्ष साहजिकच कथा सांगणाऱ्याकडे जाते. त्याच्या हातातील तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचे धनुष्य होतो आणि पुन्हा तंबुरा होऊन सुरात मिसळतो. परंतु काही वेळाने ध्यानात येते, की या सादरीकरणाचा तोल दुसऱ्याच एका व्यक्तीने सांभाळला आहे. साथीदारांत बसलेला हा 'रागी' कथेच्या प्रत्येक वळणावर होकार भरतो, पुढे काय झाले म्हणून विचारतो, मधूनच शंका काढतो, प्रसंगी कथेकऱ्याची थट्टाही करतो. या होकार भरण्याला छत्तीसगडीत 'हुंकारू देणे' म्हणतात. आपल्याकडे गोंधळात मुख्य गोंधळ्याला प्रश्न विचारणारा साथीदार असतो, भेदिक शाहिरीत तर सवालावाचून जवाबच संभवत नाही, आणि घरातली आजीदेखील नातवंडांनी 'हं' म्हणणे थांबवले की गोष्ट थांबवते. हुंकार हा या परंपरांमध्ये कथनाचा अलंकार नाही. ती कथनाची अट आहे. ऐकणारा जागा आहे आणि ऐकलेले त्याला पटते आहे, याची पावती मिळाल्याखेरीज सांगणारा पुढे जात नाही.

या निबंधाचा विषय पंडवानी नसून रायपूर आणि त्याच्या आसपासच्या ग्रामीण प्रदेशात गेल्या सहा-सात दशकांत आलेली प्रक्षेपणमाध्यमे हा आहे. आकाशवाणी, उपग्रहाद्वारे आलेली दूरचित्रवाणी आणि अलीकडची दूरध्वनीवर चालणारी ध्वनिव्यासपीठे यांनी गावातील परस्परविश्वासाचे काय केले, हा प्रश्न समाजशास्त्रज्ञांनी पुष्कळदा हाताळला आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने तो पुन्हा हाती घेण्याचे कारण असे, की प्रक्षेपण हेही अखेर एक कथन आहे, आणि त्या कथनात रागीची जागा कोणी घेतली हे पाहिल्यावाचून विश्वासाची चर्चा अपुरी राहते. ब्रेख्त यांनी १९३२ साली नभोवाणीविषयी लिहिताना या यंत्राला बोलता येते पण ऐकता येत नाही, अशा आशयाची तक्रार केली होती. श्रोत्यालाही बोलते करणारे यंत्र त्यांना हवे होते. ही तक्रार युरोपातील एका नाटककाराची असली, तरी तिचे मर्म कोणत्याही पंडवानी-मंडळीला समजावून सांगावे लागले नसते.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. न्यायदर्शनात 'आप्तवाक्य' हे प्रमाण मानले आहे. आप्त म्हणजे जो यथार्थ जाणतो आणि जसे जाणतो तसेच सांगतो, तो. मराठीत मात्र 'आप्त' म्हणजे नातेवाईक. हा अर्थविस्तार केवळ भाषिक योगायोग आहे असे आम्हांला वाटत नाही. ग्रामसमाजात ज्याचे म्हणणे खरे मानायचे, तो बहुधा नात्यातला, निदान ओळखीतला असे. ज्ञानाचे प्रामाण्य आणि नात्याचा जिव्हाळा यांची तेथे फारकत झालेली नव्हती. 'ऐकीव' हे विशेषण आपण हेटाळणीने वापरतो आणि त्याच वेळी ज्येष्ठांचे ऐकावे असेही सांगतो. या दोहोंत विसंगती नाही, कारण प्रश्न काय ऐकले याचा नसून कोणाकडून ऐकले याचा असतो.

छत्तीसगडच्या गावात हे 'कोणाकडून' फार नेमके ठरलेले होते. शासनाचा निरोप कोटवार 'हांका' देऊन सांगे. आपल्याकडील दवंडीचाच हा प्रकार. कोटवाराच्या निरोपाला अधिकार असे, परंतु त्याच्यावर विश्वास असेच असे नाही. विश्वासाची जागा वेगळी होती आणि तिचे विधीही वेगळे होते. दोन व्यक्ती एकमेकांना 'मितान' बदतात, म्हणजे विधिपूर्वक मैत्र जोडतात. मग ते महाप्रसाद असो, गंगाजल असो, भोजली असो वा जंवारा असो, ज्या पवित्र वस्तूच्या साक्षीने ते जोडले जाई त्या नावानेच दोघे परस्परांना हाक मारीत. हे मैत्र जातीच्या सीमा ओलांडून होऊ शके आणि पुढच्या पिढ्यांनाही ते नात्यासारखे बांधून ठेवी. म्हणजे ज्याच्याशी रक्ताचे नाते नाही अशा माणसाला आप्त करण्याची एक संस्थाच या समाजाने निर्माण केली होती. बाहेरून येणाऱ्या कोणत्याही आवाजापुढे यामुळे दोन वाटा उघड्या होत्या : कोटवार होणे, किंवा मितान होणे. पुढील इतिहासात प्रक्षेपणाने या दोन्ही वाटा आळीपाळीने चोखाळल्या.

रायपूरचा मराठीशी संबंध भोसल्यांच्या काळापासूनचा आहे, आणि मुद्रित शब्दाच्या बाबतीत तो विशेष फलदायी ठरला. मराठी मातृभाषा असलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. या प्रदेशातील पहिल्या नियतकालिकाच्या नावातच 'मित्र' असावा, हे मितानाच्या संदर्भात सूचक आहे. मात्र मासिक वाचणारे थोडे होते आणि गाव त्याच्या कक्षेबाहेर होते. पुढे १६ जुलै १९४८ रोजी नागपूर आकाशवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती आणि रायपूर त्याच प्रांतात होते. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत बोलणारे ते केंद्र होते. गजानन माधव मुक्तिबोध यांच्यासारखा, घरी मराठी आणि लेखनात हिंदी असलेला कवी काही काळ तेथे नोकरीस होता, हे त्या द्विभाषिक वातावरणाला साजेसेच. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने ही सोबत मोडली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, रायपूर भोपाळच्या राजधानीखाली आले, आणि नागपूरचा आवाज राजकीयदृष्ट्या शेजारच्या राज्याचा आवाज झाला.

नेमक्या त्याच वर्षी पुणे केंद्राने जे केले, ते या विषयाच्या दृष्टीने इतके महत्त्वाचे आहे, की रायपूरची वाट क्षणभर सोडून तिकडे वळणे भाग आहे. युनेस्कोच्या साहाय्याने १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील १५० गावांत 'शेतकरी श्रोतृमंडळां'चा प्रयोग झाला. आठवड्यातून दोन, असे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम मराठीतून प्रक्षेपित झाले. प्रत्येक गावात वीसेक जणांचे मंडळ संचासमोर बसे, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐके, आणि कार्यक्रम संपल्यावर उठून न जाता त्यावर चर्चा करी. चर्चेचे टिपण आणि त्यातून निघालेले प्रश्न केंद्राकडे जात. पुढच्या कार्यक्रमांतून त्यांना उत्तरे मिळत. प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी केले. त्यांनी मंडळे असलेल्या गावांची तुलना दोन प्रकारच्या गावांशी केली : जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, आणि जेथे रेडिओच नव्हता. मंडळांच्या गावांत ज्ञानात लक्षणीय भर पडली; नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती अगदी थोडी होती.

हा निष्कर्ष विकाससंप्रेषणाच्या पाठ्यपुस्तकांत नित्य उद्धृत होतो आणि तेथे त्याचा अर्थ 'गटचर्चा उपयुक्त असते' एवढाच घेतला जातो. आम्हांला तो अर्थ तोकडा वाटतो. रेडिओचा संच, आवाज, भाषा हे सारे समान असताना एका गावात शब्द रुजतो आणि शेजारच्या गावात तो वाऱ्यावर जातो. फरक एवढाच, की एका ठिकाणी हुंकाराची व्यवस्था आहे. तज्ज्ञाचे म्हणणे शेजाऱ्याच्या तोंडून पुन्हा एकदा, आपल्या बोलीत, आपल्या बांधावरच्या उदाहरणासह ऐकल्यावर ते आप्तवाक्य होते. या प्रयोगामागचे एक प्रमुख सूत्रधार आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक जगदीशचंद्र माथुर होते. न्यूराथ यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला अहवाल युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला. साहित्याच्या अभ्यासकांना माथुर 'कोणार्क'चे नाटककार आणि लोकनाट्याचे मर्मज्ञ म्हणून परिचित आहेत. प्रेक्षकाने भाग घेतल्याशिवाय लोकनाट्य उभे राहत नाही हे ज्याला ठाऊक होते, त्याच माणसाच्या कारकिर्दीत शेतकऱ्याला प्रत्युत्तराची जागा देणारी रचना आकारास यावी, ही गोष्ट प्रशासनाच्या इतिहासात नोंदली गेली नसली तरी वाङ्मयेतिहासात नोंदली जावी. नोव्हेंबर १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. विस्तारात तिचा कस उतरला. कागदावरची मंडळे वाढली, टिपणे येईनाशी झाली. सरकारी योजनांचा हा नेहमीचाच प्रवास असल्याने त्यावर अधिक लिहीत नाही.

रायपूरला स्वतःचे आकाशवाणी केंद्र मिळाले ते २ ऑक्टोबर १९६३ रोजी. ग्रामीण श्रोत्यांसाठीच्या 'चौपाल' या कार्यक्रमाने या केंद्राला गावोगावी पोहोचवले, आणि त्यातही 'बरसाती भैया' या पात्राने. केसरीप्रसाद वाजपेयी हे या पात्राचा आवाज होते. शेतीची, हवामानाची, खतबियाण्याची माहिती देणारा हा निवेदक आपल्या सोबत्यांशी छत्तीसगडीत गप्पा मारी. सोबती त्याला अडवीत, चिडवीत, न समजलेले पुन्हा विचारीत. म्हणजे ज्या प्रश्नाचा विचार पुणे प्रयोगाने श्रोत्यांची मंडळे बांधून केला, त्याचे उत्तर रायपूरने ध्वनिक्षेपकाच्या अलीकडेच, संहितेच्या आत दिले : रागीला स्टुडिओत आणून बसवले. मराठी श्रोत्याला मुंबई केंद्रावरील 'प्रपंच' मालिकेतील मीनावहिनी आणि टेकाडे भावजी या ठिकाणी आठवतील. 'भैया', 'वहिनी', 'भावजी' ही नाती प्रक्षेपणाने केवळ गोडव्यासाठी जोडली नाहीत. अनोळखी यंत्रातून येणाऱ्या आवाजाला आप्त करून घेण्याचा, अर्थात मितान बदण्याचा, तो संहितात्मक विधी होता. मुंबई दूरदर्शनने पुढे आपल्या शेतीविषयक कार्यक्रमाला 'आमची माती, आमची माणसं' हे नाव दिले, त्यातील 'आमची' या सर्वनामाचे कार्यही हेच.

संहितेतील रागी हा खऱ्या श्रोत्याचा पर्याय होऊ शकतो का, असा आक्षेप येथे घेता येईल, आणि तो रास्त आहे. स्टुडिओतील सोबती तेवढेच प्रश्न विचारतो जेवढे लेखकाने त्याच्या तोंडी घातले आहेत. आणेवारीविषयी, सावकाराविषयी, पटवाऱ्याच्या वागणुकीविषयी त्याला अडचणीचे प्रश्न पडत नाहीत. तथापि एक भाषिक लाभ निर्विवाद होता. ज्या छत्तीसगडीला शाळेत आणि कचेरीत प्रतिष्ठा नव्हती, ती आता शासनाच्याच केंद्रावरून बोलली जात होती. १९७१ साली रामचंद्र देशमुख यांनी दुर्गजवळील बघेरा येथे उभ्या केलेल्या 'चंदैनी गोंदा' या लोकमंचीय प्रयोगातील लक्ष्मण मस्तुरिया यांची गीते आकाशवाणीवरून घरोघरी गेली, ती याच तयार झालेल्या वाटेने.

श्रोत्याने आपली जागा स्वतःही शोधली. रायपूर जिल्ह्यातील भाटापारा हे नाव (आज ते बलौदाबाजार-भाटापारा जिल्ह्यात आहे) एकेकाळी भारतभरच्या रेडिओश्रोत्यांना ठाऊक होते, ते तेथून श्रीलंकेच्या आणि 'विविधभारती'च्या फर्माइशी कार्यक्रमांना जाणाऱ्या पत्रांमुळे. पोस्टकार्ड लिहावे, गाण्याच्या आधी आपले आणि गावाचे नाव उच्चारले जावे, आणि ते साऱ्या गावाने ऐकावे, हा आनंद गाण्याच्या आनंदाहून वेगळा होता. नागर अभ्यासकांनी या छंदाची बरीच थट्टा केली आहे. आमच्या मते यंत्राने ऐकावे म्हणून श्रोत्याने शोधलेली ही सर्वांत स्वस्त युक्ती होती. छत्तीसगडात श्रोतासंघ स्थापन झाले आणि त्यांनी पुढे २० ऑगस्ट हा 'रेडिओ श्रोता दिवस' म्हणून साजरा करण्याची प्रथा पाडली. जी मंडळे शासनाने बांधली ती विरली, आणि जी श्रोत्यांनी हौसेने बांधली ती टिकली.

आता या इतिहासातील मध्यवर्ती घटनेकडे वळतो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात 'साइट' या नावाने ओळखला जाणारा उपग्रहीय शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग भारतात झाला. अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी भारताला वापरण्यास देण्यात आला. आंध्र प्रदेश, ओरिसा, कर्नाटक, बिहार, राजस्थान आणि मध्य प्रदेश या सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांसाठी संच ठरवण्यात आले. मध्य प्रदेशातील गावे निवडली गेली ती रायपूर, दुर्ग आणि बिलासपूर या जिल्ह्यांतून, म्हणजे आजच्या छत्तीसगडातून. रंगीत शहरी करमणूक अद्याप दूर होती. मुंबई-पुण्याबाहेरच्या बहुतांश महाराष्ट्राने दूरचित्रवाणी पाहिलेली नव्हती, आणि छत्तीसगडातील गावे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीच्या तीन मीटर व्यासाच्या अँटेनामधून थेट अंतराळातून येणारे चित्र पाहत होती. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या अहमदाबाद केंद्राने हे काम सांभाळले. विक्रम साराभाईंची ही कल्पना. त्यांच्या निधनानंतर यशपाल यांच्या संचालकत्वाखाली ती सिद्धीस गेली. प्रयोगाच्या धुरीणांत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस आणि पुण्याचे प्रमोद काळे हे दोन मराठी शास्त्रज्ञ होते.

संच बहुधा शाळेत किंवा पंचायतीच्या जागेत ठेवला जाई आणि त्याचा एक राखणदार नेमलेला असे. सकाळी मुलांसाठी दीड तास, संध्याकाळी साऱ्यांसाठी अडीच तास. सुरुवातीच्या दिवसांत शेकडो लोक जमत; नवलाई ओसरल्यावर प्रेक्षकसंख्या शंभराच्या आसपास स्थिरावली. या गर्दीचे सामाजिक मोल मोठे होते. ज्या गावात बसण्याच्या जागा जातीने आणि लिंगाने ठरलेल्या, तेथे सार्वजनिक जागी, विनाशुल्क, सर्वांना एकाच पडद्यासमोर बसण्याचा प्रसंग रोज येऊ लागला. जुन्या सीमारेषा त्यामुळे पुसल्या गेल्या असे म्हणणे धाडसाचे होईल. पण निदान दररोज संध्याकाळी त्यांची कसोटी लागू लागली.

मूल्यमापनही त्या काळाच्या मानाने असाधारण होते. प्रेक्षकांच्या मोजणीबरोबरच मानववंशशास्त्रज्ञांना निवडक गावांत दीर्घकाळ राहण्यास पाठवले गेले. बिनोद अग्रवाल यांचे लेखन या दृष्टीने आजही वाचनीय आहे. त्यांतून निघालेला एक निष्कर्ष विशेष विचार करावा असा : आरोग्य, पोषण, कुटुंबनियोजन या विषयांतील ज्ञानाची वाढ पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि साक्षरांपेक्षा निरक्षरांत अधिक आढळली. शेतीच्या नव्या पद्धती स्वीकारण्यात मात्र लक्षणीय फरक पडल्याचे दिसले नाही. याचे एक स्पष्टीकरण सोपे आहे. ज्यांच्यापर्यंत माहितीचा दुसरा कोणताही मार्ग पोहोचत नव्हता त्यांना सर्वाधिक लाभ झाला. परंतु दुसरेही एक कारण संभवते. स्त्रियांना मिळालेले ज्ञान पाणवठ्यावर आणि अंगणात, जेथे हुंकार देणाऱ्या सख्या आधीपासूनच होत्या, तेथे लगेच बोलले जाऊ शकत होते. नांगरट, बियाणे आणि कर्ज यांविषयीचा निर्णय मात्र पैशाचा आणि जोखमीचा. तो घेताना पडद्यावरील अनोळखी शेतकऱ्याचा दाखला पुरेसा होत नाही. हे दुसरे कारण आमचे अनुमान आहे आणि ते अनुमान म्हणूनच वाचावे.

भाषेचा प्रश्न अधिक गंभीर होता. हिंदीतील कार्यक्रम दिल्लीच्या निर्मितिकेंद्रात तयार होत आणि तेच बिहार, राजस्थान आणि मध्य प्रदेश या तिन्ही राज्यांतील गावांना जात. तेलुगू, कन्नड आणि ओरिया भाषिकांना स्वतंत्र कार्यक्रम मिळाले. छत्तीसगडी, मैथिली, भोजपुरी, मारवाडी या भाषा 'हिंदी' या एकाच छत्राखाली गेल्या. उपग्रहाची तांत्रिक मर्यादा हे त्याचे कारण होतेच, कारण एका चित्रासोबत दोनच ध्वनिमार्ग उपलब्ध होते. पण तंत्राने घातलेली मर्यादा आणि भाषिक धोरणाने घातलेली मर्यादा येथे इतक्या सोयीने जुळली, की दोहोंतील सीमा पुसट झाली. परिणामी जे गाव बारा वर्षे आकाशवाणीवर 'बरसाती भैया'ची बोली ऐकत होते, त्याच गावाला अंतराळातून आलेला आवाज परका वाटावा, अशी परिस्थिती निर्माण झाली. माध्यम अधिक आधुनिक आणि चित्रमय झाले, त्याच वेळी ते मितानाच्या बाजूकडून कोटवाराच्या बाजूकडे सरकले.

काळाची सावलीही होती. प्रयोग सुरू झाला तेव्हा आणीबाणी जाहीर होऊन पाच आठवडे झाले होते, आणि तो संपला तेव्हाही ती चालूच होती. कुटुंबनियोजनाचा संदेश पडद्यावर प्रबोधनाच्या सुरात येत होता, तर देशाच्या अनेक भागांत त्याच कार्यक्रमाची अंमलबजावणी सक्तीच्या सुरात चालली होती. शब्द आणि कृती यांतील ही विसंगती गावाच्या दृष्टीने निवेदकाच्या सचोटीचाच प्रश्न ठरते. आप्त तो, जो जाणतो तसे सांगतो. नव्या सरकारने १९७७ साली आणीबाणीतील जनमाध्यमांच्या गैरवापराविषयी श्वेतपत्रिका काढली, आणि वर्गीस समितीने प्रक्षेपणाच्या स्वायत्ततेची शिफारस केली. पण श्वेतपत्रिकेची भाषा दिल्लीच्या वृत्तपत्रवाचकांसाठी होती. ज्या शाळेतील संचासमोर गाव वर्षभर बसले, तेथे या गैरवापराचा खुलासा करायला कोणी गेले नाही.

उपग्रह परत गेला. १९७७ मध्ये ज्या मोजक्या ठिकाणी भूप्रक्षेपक उभारून प्रयोगाचे सातत्य राखण्यात आले, त्यांत जयपूर, हैदराबाद, मुझफ्फरपूर, गुलबर्गा, संबलपूर यांच्याबरोबर रायपूर होते. अशा रीतीने भोपाळ-इंदूरच्या आधी रायपूरला दूरचित्रवाणी मिळाली, परंतु प्रक्षेपकाच्या पल्ल्याबाहेरची गावे पुन्हा अंधारात गेली. वर्षभर मिळालेली वस्तू काढून घेतल्याने गावाच्या मनात काय उमटले असेल, याचा विचार प्रयोगाच्या यशाच्या लेख्यात फारसा आढळत नाही.

ऐंशीच्या दशकाबद्दल थोडक्यात सांगता येईल. १९८२ नंतर दूरदर्शनचे जाळे झपाट्याने पसरले, संच शाळेतून घरात गेला. ज्याच्या घरात संच, त्याच्या ओसरीवर गाव. म्हणजे बसण्याची मुभा आता मालकाच्या मर्जीवर आली. १९८७ ते १९९० या काळात 'रामायण' आणि 'महाभारत' या मालिका आल्या. पंडवानीच्या प्रदेशात महाभारत पडद्यावर आले, ही तौलनिक अभ्यासासाठी केवढी मोठी संधी होती! झाडूराम देवांगन यांच्या वेदमती शैलीत कथा सबलसिंह चौहान यांच्या ग्रंथाला धरून चाले, तर तीजनबाईंच्या कापालिक शैलीत ती स्मृतीतून आणि प्रतिभेतून उमलत जाई. दोन्हींत रागी होता. मालिकेत तो नव्हता. श्याम बेनेगल यांनी १९८८ च्या 'भारत एक खोज' मध्ये महाभारताचा भाग सांगण्यासाठी तीजनबाईंना पडद्यावर आणले, तेव्हा तंबुऱ्याबरोबर हुंकारही चित्रवाणीत आला. त्या काळातील राष्ट्रीय प्रक्षेपणातील तो एक विरळा क्षण म्हणावा लागेल. वॉल्टर ऑंग यांनी ज्याला 'दुय्यम मौखिकता' म्हटले, तिच्यात समूहाची जाणीव असते पण समूह समोर नसतो. छत्तीसगडात मात्र प्राथमिक आणि दुय्यम मौखिकता एकाच ओसरीवर, एकाच रात्री नांदत होत्या, त्यामुळे ऑंग यांची कालक्रमिक मांडणी येथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर राजधानी. नव्या राज्याने ग्रामीण आरोग्यासाठी स्त्री-कार्यकर्त्यांची योजना आखली, तेव्हा तिला नाव दिले 'मितानिन'. राष्ट्रीय पातळीवरील 'आशा' योजनेच्या ही आधीची, आणि पुढे सुमारे ६० हजार मितानिनींपर्यंत ती वाढली. त्यांच्यासाठी आकाशवाणीवरून 'कहत हे मितानिन' ही मालिका प्रक्षेपित झाली. येथे रेडिओने स्वतः आप्त होण्याचा अट्टाहास सोडला. गावातच राहणाऱ्या, गावाने निवडलेल्या स्त्रीच्या शब्दाला पाठबळ देणे एवढेच काम त्याने पत्करले. पुण्यातील श्रोतृमंडळांचे तत्त्व अर्धशतकानंतर, बहुधा त्याची आठवणही नसताना, अशा रीतीने परत आले. पुढे मुख्यमंत्र्यांच्या मासिक भाषणांनाही आकाशवाणीवर जागा मिळाली : २०१५ पासून 'रमन के गोठ', आणि सत्तांतरानंतर २०१९ पासून 'लोकवाणी'. 'गोठ' म्हणजे गप्पागोष्टी, दोघांचे बोलणे. एका बाजूने होणाऱ्या भाषणाला हा शब्द का हवासा वाटला, हे वरील विवेचनानंतर वेगळे सांगायला नको. 'लोकवाणी'त श्रोत्यांचे ध्वनिमुद्रित प्रश्न घेतले जात. निवड अर्थात निर्मात्यांची असे.

बीबीसीत काम केलेले पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या 'सीजीनेट स्वर'ने हा प्रश्न उलट्या टोकाने धरला. एका क्रमांकावर फोन करायचा. एक बटण दाबले की आपले म्हणणे ध्वनिमुद्रित होते, दुसरे दाबले की इतरांचे ऐकता येते. अक्षरओळख लागत नाही, आणि गोंडीसारख्या भाषेतही बोलता येते. बुजलेला हातपंप, थकलेली रोजगार हमीची मजुरी, शाळेत न येणारा शिक्षक, मधूनच एखादे गाणे. आलेली माहिती संपादक फोनवरून पडताळतात, आणि निवेदनात संबंधित अधिकाऱ्याचा क्रमांक दिलेला असतो, म्हणजे ऐकणाऱ्याने त्याला फोन करून विचारावे. जेथे नेटवर्क पोहोचत नाही तेथे 'बुल्टू' या नावाने, म्हणजे ब्लूटूथवरून, ध्वनिमुद्रणे हातोहात पोहोचवण्याचा प्रयोग झाला. येथे सांगणारा गावचा आहे आणि हुंकाराची जबाबदारी कचेरीवर टाकलेली आहे. पंडवानीच्या मंडपात बसलेल्यांची जागा जणू बदलली. या व्यासपीठाच्या मर्यादाही आहेत. ते देणग्यांवर चालते, पडताळणीचे मनुष्यबळ तोकडे असते, आणि दोन सशस्त्र बाजूंमधील प्रदेशात स्वतःच्या आवाजात तक्रार नोंदवणे जिवावर बेतू शकते. आवाज ओळखता येतो, हीच विश्वासाची खूण आणि हाच धोका.

शेवटी एका साध्या कार्यक्रमाची नोंद करतो. उत्तर छत्तीसगडातील जंगलांत हत्तींचे कळप फिरतात आणि त्यांत माणसे मरतात, पिके तुडवली जातात. २०१० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात वनविभाग आणि आकाशवाणी यांनी 'हमर हाथी हमर गोठ' हे वार्तापत्र सुरू केले. कोणता कळप आज कोणत्या गावाजवळ आहे, एवढेच त्यात सांगितले जाते. ऐकणाऱ्याला त्यावरून ठरवायचे असते की पहाटे महुआ वेचायला जायचे की नाही. या वार्तापत्राला लागणारी माहिती बरीचशी गावांतील 'हाथी मित्र दलां'चे तरुण पावलांचे ठसे आणि मोडलेल्या फांद्या पाहून गोळा करतात. गावाने जंगलात पाहिलेले रायपूरला जाते, आणि संध्याकाळी गावालाच परत ऐकू येते.